रायगडचे पाणी : पाऊस उदंड, वाटा तोकडा

दुष्काळ म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे माण-खटाव, आष्टी-पाटोदा, लातूर अशी नावे उभी राहतात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले, तेव्हा पाण्याच्या प्रश्नाचा चेहरा म्हणून तीच गाडी देशभर दिसली. या यादीत रायगड जिल्ह्याचे नाव सहसा कोणी घेत नाही, आणि त्याला कारणही आहे. जैसलमेरच्या वाळवंटात वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस होतो, मराठवाड्यात सातशे-आठशे मिलिमीटर. रायगडची सरासरी मात्र तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. माथेरानच्या माथ्यावर ती पाच हजारांच्या घरात पोहोचते. अलिबागसारख्या थेट समुद्रकाठच्या गावीही दोन हजारांच्या आसपास पाऊस पडतो.

असे असूनही जिल्हा प्रशासनाला दरवर्षी टंचाई कृती आराखडा करावा लागतो. फेब्रुवारी उलटला की पेण, कर्जत, महाड, पोलादपूर या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांची नावे त्यात येऊ लागतात आणि मे महिन्यापर्यंत टँकरच्या फेऱ्या सुरू होतात. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुराखाली गेले. त्याच महाड तालुक्यातील डोंगरवाड्या उन्हाळ्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहतात. पावसाचा दुष्काळ आणि पाण्याचा दुष्काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रायगडात दुसरी गोष्ट पहिलीवाचून घडते. ती कशी घडते हे समजण्यासाठी आभाळापेक्षा धरणांच्या आणि जलवाहिन्यांच्या नकाशाकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

पाणी थांबत का नाही

सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत येथे फार अंतर नाही. पाताळगंगा, बाळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री या नद्या घाटमाथ्याखाली उगम पावतात आणि थोडक्या प्रवासात खाडीला मिळतात. वरच्या भागात उतार तीव्र, खाली एकदम सपाट. कडक काळ्या बेसाल्ट खडकात पाणी मुरते ते भेगांपुरते. डोंगरावरची जंगले विरळ झाल्याने तेवढेही मुरणे घटले. त्यामुळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडलेल्या पावसाचा फार मोठा भाग दिवाळीपूर्वीच समुद्रात जाऊन बसतो. उरलेले आठ महिने झरे, विहिरी आणि धरणे यांवर काढायचे असतात.

सपाट पट्ट्याची अडचण वेगळी. धरमतर आणि रेवदंडा या खाड्यांतून भरतीचे पाणी खूप आतपर्यंत शिरते. कुंडलिकेत ते थेट रोह्याच्या परिसरापर्यंत जाणवते. नदीचा गोडा प्रवाह जोरकस असेल तर खारे पाणी खाली रेटले जाते. प्रवाह क्षीण झाला की तेच पाणी वर सरकते. म्हणजे धरणात अडवलेला प्रत्येक थेंब वरच्या बाजूला साठा असतो आणि खालच्या बाजूला खाडीविरुद्धच्या रेट्यातली घट असते. धरणाच्या जमाखर्चात हा दुसरा हिशोब क्वचितच मांडला जातो.

पूर्वीच्या लोकांनी या भूगोलाशी आपल्या परीने जुळवून घेतले होते. मुरुडच्या जंजिऱ्यात चहूबाजूंनी समुद्र असताना गोड्या पाण्याचे तलाव आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही गोड्या पाण्याची सोय आहे. रायगडावरचा गंगासागर तर सर्वांच्या परिचयाचा. मुरुड शहराला संस्थानकाळात बांधलेल्या गारंबीच्या छोट्या धरणातून निव्वळ उताराच्या जोरावर पाणी मिळू लागले. ही सारी व्यवस्था गाव, गड किंवा शहर यांच्या गरजेपुरती होती. तिथे पाण्याची स्पर्धा नव्हती, असे मात्र समजू नये. पाणी कोणी भरायचे आणि कोणी नाही, हा प्रश्न त्या व्यवस्थेच्या मुळाशीच होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्यावर तो जगासमोर आणला. पाण्यावरील हक्काच्या भारतीय इतिहासातील हे सर्वात मोठे प्रकरण याच जिल्ह्यात घडले, याचा विसर पाणीवाटपाच्या चर्चेत सहज पडतो.

घाटापलीकडचे पाणी

योगायोग असा की, त्याच १९२७ साली याच जिल्ह्यात पाण्याचे आणखी एक पर्व सुरू झाले. मुळा नदीवरील मुळशी धरणातून घाटाखाली सोडलेल्या पाण्यावर भिरा येथील टाटांचे जलविद्युत केंद्र चालू झाले. त्याआधी १९१५ मध्ये खोपोली आणि १९२२ मध्ये भिवपुरी येथील केंद्रे उभी राहिली होती. तिन्ही ठिकाणची कल्पना एकच : भीमा खोऱ्यातील, म्हणजे मुळात पूर्वेला वाहणारे पाणी घाटमाथ्यावर अडवायचे, बोगद्यांतून आणि नळांतून पश्चिमेला खाली सोडायचे आणि त्या उंचीतून मुंबईसाठी वीज काढायची. मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली केलेला सत्याग्रह या धरणाविरुद्धच होता.

वीज मुंबईला गेली. वापरलेले पाणी मात्र रायगडात उरले. हे अवजल जिल्ह्याच्या अर्थकारणाचा कणा बनले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत येते आणि रसायनी-पाताळगंगा परिसरातील कारखान्यांसह पनवेलकडील वस्तीची तहान भागवते. भिवपुरीच्या पाण्यावर कर्जत तालुक्यातील राजनाला कालवा चालतो व दुबार भातपीक निघते. भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत उतरते, डोलवहालच्या बंधाऱ्यावर अडवले जाते आणि तेथून काळ प्रकल्पाच्या कालव्यांनी रोहा, माणगाव भागातील शेतीला जाते. धाटावची औद्योगिक वसाहतही कुंडलिकेच्याच काठची. कोलाडला हौशी पर्यटक नदीत ज्या राफ्टिंगचा आनंद घेतात, तेही या अवजलाचेच देणे आहे : सकाळी वरून पाणी सुटले की तराफे निघतात, ओघ ओसरला की खेळ संपतो.

या व्यवस्थेत एक मोठी मेख आहे. पाणी केव्हा आणि किती सुटेल हे शेताच्या पाळीवर ठरत नाही, विजेच्या मागणीवर ठरते. वीजघर थांबले की खालच्या नदीची पातळी उतरते. दुसरी मेख याहून मोठी. हे पाणी मुळात कृष्णा खोऱ्याचे आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, १९७० च्या दशकात टाटांच्या धरणांतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली : कोणत्याही लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी, म्हणजे वर्षाला सरासरी ४२ टीएमसीच्या आसपास. सोलापूर, पुणे, नगरकडील दुष्काळी भागातून ‘हे पाणी समुद्रात सोडण्याऐवजी पूर्वेला द्या’ ही मागणी प्रत्येक अवर्षणानंतर जोर धरते. मागणी न्याय्य नाही असे कोणी म्हणणार नाही. पण ‘समुद्रात जाणारे पाणी’ या शब्दांत राजनाल्याची शेते, रोह्याचे कालवे आणि पनवेलचे नळ बसत नाहीत. शंभर वर्षे वाहिलेल्या प्रवाहावर एक अख्खा प्रदेश उभा राहिला आहे, आणि त्याच्या मालकीचा कागद मात्र घाटापलीकडच्या खोऱ्याच्या नावावर आहे.

हेटवणे : एका धरणाचे दोन धनी

जिल्ह्यातील पाणीतंट्याचा खरा नमुना पाहायचा तर पेण तालुक्यातील हेटवणे धरणाकडे वळावे लागते. भोगेश्वरी नदीवरील हा मध्यम प्रकल्प सिंचनासाठी आखला गेला. उपयुक्त साठा सुमारे १४५ दशलक्ष घनमीटर आणि लाभक्षेत्र सुमारे ६,६०० हेक्टर. पेणच्या पूर्वेला धरण, पश्चिमेला खाडीपर्यंत पसरलेली भाताची खाचरे. कालवे पूर्ण होतील आणि एकपिकी जमिनीत दुसरे पीक डोलेल, असे चित्र शेतकऱ्यांपुढे ठेवण्यात आले होते.

धरण झाले, कालवे पूर्ण झाले नाहीत. दरम्यान उत्तरेला एक शहर वाढत होते. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने पनवेल-उरण पट्ट्यात नवी मुंबईचा विस्तार केला आणि त्या शहराला पाणी हवे होते. हेटवण्यातून सिडकोला दररोज १५० दशलक्ष लिटर पाणी मिळू लागले. खारघर, उलवे, द्रोणागिरी ही उपनगरे त्यावर अवलंबून आहेत. पुढे हे प्रमाण २७० दशलक्ष लिटरपर्यंत नेण्याची योजना सिडकोने हाती घेतली आणि त्यासाठी जलबोगद्याची आखणी केली.

येथे थोडे अंकगणित करणे आवश्यक आहे, कारण या विषयावरच्या भाषणांत ते सहसा टाळले जाते. दिवसाला १५० दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाला सुमारे ५५ दशलक्ष घनमीटर. साठ्याच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. उन्हाळी भाताला पूर्ण हंगामात शेतावर ढोबळमानाने एक मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टरला दहा हजार घनमीटर आणि ६,६०० हेक्टरला ६६ दशलक्ष घनमीटर होतात. शहर आणि शेत मिळून १२१. कागदावर हे १४५ मध्ये बसते. बाष्पीभवन, पेणकडील गावांचा वाटा आणि मुख्य म्हणजे कालव्यातील गळती धरली की बसत नाही. शहराचा वाटा २७० दशलक्ष लिटर झाला तर त्याचेच वर्षाला ९८ दशलक्ष घनमीटरहून अधिक होतात, आणि मग कागदावरही बेरीज १६४ वर जाते. एकच साठा दोघांना पूर्ण देण्याचे वचन कायम ठेवता येत नाही. कोणाच्या वचनातून कपात करायची, एवढाच प्रश्न उरतो. हंगामाच्या मध्येच धरणात नव्याने येणारे पाणी थोडा दिलासा देते, पण मागणीची खरी कसोटी मार्च ते जून या काळात असते आणि तेव्हा धरणात नवे काही येत नाही.

अशी चूक केवळ पेणमध्ये झाली असे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या पाण्याचे सात राज्यांत वाटप करणारा करार १९२२ साली झाला, म्हणजे भिवपुरीचे वीजघर सुरू झाले त्याच वर्षी. त्या वेळी नदीचा प्रवाह तुलनेने भरपूर पावसाच्या वर्षांवरून मोजला गेला आणि वाटप नदीच्या कुवतीहून अधिक झाले. त्याचा परिणाम शंभर वर्षांनी दिसला : २०२२ च्या उन्हाळ्यात नेवाडा-ॲरिझोना सीमेवरील मीड जलाशय १९३० च्या दशकात प्रथम भरल्यापासूनच्या नीचांकाला गेला. फरक इतकाच की, तिथे वाटेकऱ्यांची नावे आणि हिस्से करारात लिहिलेले होते. पेणच्या शेतकऱ्याजवळ लाभक्षेत्राचा नकाशा होता. त्यात त्याच्या शेताच्या नावावर किती पाणी आहे हे लिहिलेले नव्हते.

कालवे का झाले नाहीत, यावर दोन उत्तरे दिली जातात. सरकारी बाजू म्हणते, शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या नाहीत, निधी अपुरा पडला, या पट्ट्यात नागरीकरण होऊन शेतीच कमी झाली; मग पडून राहणारे पाणी शहराला देण्यात गैर काय? शेतकऱ्यांची बाजू म्हणते, कालवे मुद्दामच रखडवले, म्हणजे शेती कोरडवाहू राहील, तिचा भाव पडेल आणि पाणी ‘शिल्लक’ दिसेल. हेतूचा आरोप सिद्ध करणे कठीण आहे. परिणाम मात्र दोन्ही उत्तरांत एकच निघतो. कालवा नसलेल्या धरणात पाणी शिल्लक दिसणारच, आणि शिल्लक दिसणाऱ्या पाण्याला दुसरा ग्राहक मिळणारच.

बावीस गावांचा कौल

या वादाला २००६ नंतर राजकीय धार आली. पेण, पनवेल आणि उरण तालुक्यांतील पंचेचाळीस गावांच्या जमिनीवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा रिलायन्स समूहाशी संबंधित प्रस्ताव पुढे आला. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते विरोधी आंदोलनाच्या अग्रभागी होते. विरोधाची कारणे अनेक होती, पण पेण तालुक्यातील बावीस गावांजवळ एक खास कागदी शस्त्र होते : त्यांच्या जमिनी हेटवण्याच्या लाभक्षेत्रात होत्या. सिंचनाखाली येणारी जमीन अशा प्रकल्पासाठी घेऊ नये, हे तत्त्व त्यांनी सरकारपुढे धरले. ज्या कालव्यांतून पाणी आले नव्हते, त्याच कालव्यांच्या नकाशाने जमिनीचा बचाव केला, हा या कथेतील विलक्षण भाग आहे.

राज्य सरकारने अखेर या बावीस गावांत शेतकऱ्यांचा कौल घेण्याचे ठरवले. २१ सप्टेंबर २००८ रोजी मतदान झाले. विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर खुद्द सरकारनेच जनमत घेण्याचा तो देशातील अपवादात्मक प्रसंग होता. अधिकृत निकाल जाहीर झाला नाही. बहुसंख्य शेतकऱ्यांनी नकार दिल्याचे वृत्त सर्वत्र प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये भूसंपादनाची मुदत उलटली आणि प्रकल्प मागे पडला. जमीन वाचली. पाणी मात्र त्यानंतरही शहराकडे जातच राहिले, कारण कौल जमिनीचा होता, पाण्याचा नव्हता.

पाणी कोणाचे हे ठरविण्याचे नियमही याच दशकात बदलत होते. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला दुसरा आणि शेतीला तिसरा क्रम देण्यात आला. २००५ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला आणि पाण्याचे हक्क एका स्वतंत्र संस्थेने ठरवावेत, असे त्यात अभिप्रेत होते. प्रत्यक्षात सिंचन प्रकल्पांचे पाणी शहरांना आणि उद्योगांना देण्याचे निर्णय मंत्र्यांची उच्चाधिकार समिती घेत राहिली. त्यावर टीका वाढली तेव्हा २०११ मध्ये दोन गोष्टी झाल्या : शेतीचा क्रम उद्योगाच्या वर नेण्यात आला, आणि कायद्यात दुरुस्ती करून त्या समितीचे पूर्वीचे निर्णय संरक्षित करण्यात आले. शेतकऱ्याला प्राधान्य मिळाले ते पुढचे. मागे जे गेले होते ते गेलेच.

अपुरी धरणे

शहरासाठी आणखी पाणी हवे म्हणून नव्या धरणांकडे मोर्चा वळला. पेण तालुक्यातच बाळगंगा नदीवर सिडकोच्या पैशाने धरण बांधण्याचे काम २००९ च्या सुमारास सुरू झाले. खर्चाचा आकडा अल्पावधीत दुपटीहून अधिक झाला, सिंचन गैरव्यवहारांच्या चौकशीत हे धरण सापडले आणि २०१५ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. भिंत बरीचशी उभी राहिली, पण पुनर्वसन न झाल्याने घळभरणी रखडली. बुडिताच्या छायेत असलेल्या गावांत वरसईचा समावेश आहे. १८५७ च्या धामधुमीतील आपला प्रवास लिहून ठेवणारे विष्णुभट गोडसे याच वरसईचे. आज तेथील कुटुंबांची अवस्था अशी की, गाव सोडता येत नाही आणि गावात नवे घर बांधण्यातही अर्थ वाटत नाही.

कर्जत तालुक्यातील कोंढाणे धरणाची कथा याच कुळातली. उल्हास नदीच्या उगमाकडील हा प्रकल्प सिंचन घोटाळ्याच्या गदारोळात अडकला, काम थांबले आणि नंतर तो सिडकोकडे सोपवून त्याची उंची वाढविण्याचा निर्णय झाला. येथेही वापर सिंचनाकडून शहराकडे सरकला.

याला अपवाद मोरबे धरणाचा. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर ते मुळातच पाणीपुरवठ्यासाठी आखले गेले. नवी मुंबई महानगरपालिकेने ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले आणि स्वतःच्या मालकीचे धरण असलेल्या मोजक्या पालिकांत तिची गणना होऊ लागली. ४५० दशलक्ष लिटर दैनिक क्षमतेचे हे पाणी बेलापूर-वाशीच्या नळांना दिवसभर पुरते. त्याच महानगराच्या दक्षिण भागात, सिडकोच्या वसाहतींत, उन्हाळ्यात टँकर फिरतात. शहरातील मागणीही एकसारखी नसते, हे यावरून ध्यानात यावे. पनवेलचे देहरंग धरण तर १९६० च्या दशकातल्या छोट्या नगरपालिकेच्या गरजेपुरते आहे. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. धरण तेवढेच राहिले, उलट गाळाने उथळ झाले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. या दोन्हींमुळे येणारी वस्ती कोणत्या धरणातून पाणी पिणार, याचे उत्तर अजून मुख्यतः बाळगंगा आणि कोंढाण्याच्या अपुऱ्या भिंतींतच शोधले जात आहे.

खारेपाट

या सगळ्या जलवाहिन्यांच्या उलट दिशेला, पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खाडीकाठी खारेपाट आहे. ही जमीन माणसाने समुद्राकडून मिळवलेली. खाडीच्या बाजूने मातीचे बाहेरकाठे घालायचे, ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देणाऱ्या आणि भरतीला मिटणाऱ्या उघाड्या बसवायच्या, पावसाने मीठ धुऊन काढायचे आणि भात लावायचा, असे हे तंत्र. बांधांची देखभाल पूर्वी गाव श्रमदानाने करी. स्वातंत्र्यानंतर खारभूमी विकासाचे काम शासनाकडे आले. चरी आणि परिसरातील शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतीविरुद्ध सहा वर्षे जो संप केला, तो याच पट्ट्यातला.

खारेपाटात विहीर खणली तर पाणी खारे लागते. पावसाळ्यात भरलेल्या गावतळ्यांवर आणि दुरून येणाऱ्या नळावर येथील जीवन चालते. वाशी, वढाव परिसरातील गावांना पेणच्या शहापाडा धरणातून पाणी येते. ते धरण लहान, नळ जुना, आणि शेवटच्या गावापर्यंत पोहोचेतो धार बारीक झालेली. हेटवण्याचे पाणी शहापाड्यात आणून खारेपाटाला देण्याच्या योजनेचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. ज्या तालुक्यात धरण आहे त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला एका आड एका दिवसाचे पाणी, आणि तेथून कितीतरी दूर असलेल्या उपनगराला रोजचे, ही स्थिती पेणमधील मोर्च्यांचा कायमचा विषय राहिली आहे. अर्थात उपनगरातील रहिवाशाने ही स्थिती निर्माण केलेली नाही. त्याने घर घेतले तेव्हा नळाला पाणी कोठून येते हे त्याला कोणी सांगितलेही नव्हते.

उद्योगांचा वाटाही या पट्ट्यातून जातो. १९८० च्या दशकापासून थळचा खत कारखाना, नागोठण्याचे पेट्रोरसायन संकुल, डोलवीचा पोलाद प्रकल्प अशी मोठी वसाहत अंबा नदीच्या आणि धरमतर खाडीच्या आसऱ्याने वाढली. नागोठणे परिसरात अंबेवर बंधारा घालून औद्योगिक विकास महामंडळ पाणी उचलते. या कारखान्यांनी रोजगार दिला, वाटेवरच्या काही गावांना नळही दिले. बंधाऱ्याखाली मात्र उन्हाळ्यात नदी उरते ती भरतीच्या पाण्याची. बाहेरकाठे फुटून शेतात खारे पाणी शिरल्याच्या आणि वर्षभरात तिथे कांदळवन उगवल्याच्या तक्रारी शेतकरी सातत्याने करतात. त्यात बांधांच्या दुर्लक्षित देखभालीचा दोष मोठा, खाडीतील मालवाहू बार्जेसच्या लाटांचा काही, आणि गोड्या प्रवाहाच्या घटीचाही काही. एकदा कांदळवन वाढले की ते तोडण्यास कायद्याने बंदी, त्यामुळे शेत कायमचे जाते. निसर्गसंवर्धनाच्या दृष्टीने ती बंदी योग्यच. ज्याच्या सातबाऱ्यावर भाताचे शेत आहे त्याला ती पटवून देणे मात्र सोपे नाही.

गाळ, बोअरवेल आणि पांढरा कांदा

मोठ्या धरणांच्या वादात लहान धरणांकडे पाहायला कोणालाच वेळ नसतो. अलिबाग तालुक्यातील उमटे धरण १९७० च्या दशकातले. साठाहून अधिक गावे आणि वाड्या त्यावर अवलंबून आहेत. त्यात साचलेला गाळ ही वर्षानुवर्षांची तक्रार, आणि तो काढण्यासाठी स्थानिक तरुणांनी व संस्थांनी स्वतः पुढाकार घेतल्याचीही उदाहरणे आहेत. उरणचे रानसई धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. गाळाने त्याची साठवणक्षमता घटली आहे आणि उन्हाळ्यात तालुक्याला पाणीकपातीला सामोरे जावे लागते, हेटवण्याच्या पाण्याची उसनवारी करावी लागते. गाळ काढणे हे नवे धरण बांधण्याहून स्वस्त आणि कोणाचेही घर न बुडवणारे काम आहे. तरीही त्याला कधी मोठी निविदा निघत नाही, कदाचित म्हणूनच.

अलिबागच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली आहे. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले, विश्रामगृहे आणि पोहण्याचे तलाव वाढले. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्यावर ही वाढ आणखी वेगाने झाली. किनाऱ्याच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा एक पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वाडीतल्या विहिरीवर रहाट होता तोवर उपसा त्या थराला झेपत होता. खोल बोअरवेल मात्र खालचे खारे पाणी वर ओढते, आणि ते एकदा शिरले की एका पावसाळ्याने सुटत नाही. भूजलाच्या नियमनासाठी राज्याचा २००९ चा कायदा आहे. किनाऱ्यावरच्या बंगल्याच्या कुंपणाआड त्याची अंमलबजावणी होताना फारशी दिसत नाही.

नारळ-सुपारीच्या वाड्यांबरोबर या भागातील आणखी एक पीक या पाण्यावर जगते. कार्ले, खंडाळे, नेहुली परिसरातील पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भाताची कापणी झाल्यावर जमिनीतील ओल आणि विहिरीचे पाणी यांवर तो घेतला जातो आणि त्याच्या माळा मुंबई-गोवा महामार्गापर्यंत विकायला येतात. मानांकनाने भाव वाढला, मागणी वाढली. लागवड वाढवायची तर पाणी हवे.

ते पाणी देऊ शकणारा एक प्रकल्प कागदावर आहे. अलिबाग तालुक्यातील महान परिसरातील सांबरकुंड धरणाला पहिली प्रशासकीय मान्यता १९८२ मध्ये मिळाली. तेहतीस गावांच्या सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी ते आखले होते. बुडितात जाणाऱ्या वाड्यांत प्रामुख्याने आदिवासी कुटुंबे आहेत. त्यांचे पुनर्वसन, वनजमिनीची परवानगी आणि खर्चाच्या सुधारित मान्यता यांत चाळीस वर्षे गेली. मूळ अंदाज काही कोटींचा होता, तो आता काहीशे कोटींवर पोहोचला आहे. लाभक्षेत्रातील त्या तेहतीस गावांपैकी काहींच्या शेतांत तोवर प्लॉटच्या सीमेचे दगड रोवले गेले आहेत, आणि धरण पूर्ण होईल तेव्हा त्याचे पाणी भाताला लागणार की बंगल्यांना, हे आराखड्यात कोठेही लिहिलेले नाही.